कशाचं आहे, तेवढं सांगा

दाढ काढायच्या तासभर आधी चार कॅपसुली घ्यायच्या होत्या. माझ्या हृदयात धातूची झडप बसवलेली आहे, त्यामुळे दाताला हात लावण्याआधी हे औषध पोटात जावं लागतं, असं देवळीच्या दवाखान्यातल्या नयन मॅडमनी समजावून सांगितलं होतं. मी ओट्याशी बसले, एकेक कॅपसूल पिरगाळून आतली भुकटी वाटीतल्या मधात पाडली आणि रिकामी कव्हरं बाजूला ठेवली.

हे काम माझं नव्हतं. हे आदेशचे बाबा करायचे.

कॅपसुलीचं कव्हर जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन जनावराच्या कातड्या-हाडांपासून काढतात, हे त्यांना कधीतरी एका मेडिकलवाल्याकडून कळलं. तेव्हापासून घरात आलेली माझी प्रत्येक कॅपसूल त्यांनीच उघडून दिली. माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. लग्नानंतर सासऱ्यांनी, अण्णाजींनी, स्वतःच्या हातानं घातलेली. जनावराचं काही अंगात जाऊ द्यायचं नाही, ही तिची पहिली अट. अट मी पाळायची आणि चौकशी त्यांनी करायची, असं आमच्यात न बोलता वाटून गेलं होतं. बिस्किटाचा पुडा असो की खोकल्याची बाटली, ते दुकानाच्या पायरीवर उभं राहून विचारायचे, "कशाचं आहे, तेवढं सांगा." दुकानदार म्हणायचा, चंद्रभानजी, तुमी काय कारखाना टाकता काय? ते हसायचे नाहीत. उत्तर मिळेपर्यंत तसेच उभे राहायचे, मागे गिऱ्हाईक खोळंबलं तरी.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते वांग्याच्या वावरातून घरी आले, खाटेवर बसले, पाणी मागितलं. मी पाणी घेऊन आले तोवर ते नव्हते. आता पौष चालू आहे.

लोक बसायला आले तेव्हा बायका माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. रडली नाही, असं एकमेकींना सांगत असतील. मला त्याचं काही वाटलं नाही, आणि वाटत नाही याचंही काही वाटलं नाही. पहाटे उठायचं, चूळ भरायची, अंघोळ, तुळशीला पाणी, मग जप, मग पोथीचं एक पान. त्यात खंड पडला नाही. जप करताना मणी बोटांखालून सरकत होते आणि मी कुठेतरी बाजूला बसून ते सरकताना पाहत होते. देवाला हे चालतं की नाही ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

दाढ दिवाळीपासून ठणकत होती. मी कोणाला बोलले नव्हते. सुनेच्या, खुशीच्या लक्षात आलं, कारण मी एकाच बाजूनं चावत होते. तिनंच दवाखान्यात नेलं, रक्ताची तपासणी करून आणली, हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. धातूच्या झडपेवर रक्त गोठू नये म्हणून मला रक्त पातळ करणारी गोळी रोज घ्यावी लागते, ती जन्मभराची आहे. ती गोळी थांबवायची नाही, तपासणीचा आकडा ठीक आहे, दाढ काढा, असं ते म्हणाले.

खुर्चीवर बसल्यावर नयन मॅडमनी सुई दिली. थोड्या वेळानं खालचा ओठ माझा राहिला नाही, मग अर्धी जीभ गेली, मग हनुवटी. मॅडम टोचून विचारत होत्या, काही जाणवतंय का? मी मान हलवत होते. त्यांना सवय असेल अशा माना पाहायची.

दाढ निघाली ते मला आवाजावरून कळलं. मग त्यांनी एका पाकिटातून पांढरा, थर्माकोलच्या तुकड्यासारखा हलका चौकोन काढला, कात्रीनं कापला, चिमट्यानं दाढेच्या खड्ड्यात बसवला आणि वरून टाका घातला. तुमचं रक्त पातळ आहे, म्हणून हा ठेवला, रक्त याला धरून गोठतं, महिन्याभरात आपोआप विरघळून जाईल, काढायला यायचं काम नाही, असं त्या म्हणाल्या. मला वाटलं कापूसच असेल. आमच्या भागात पांढरं आणि हलकं म्हटलं की दुसरं काय मनात येणार? शिवाय माझ्या तोंडात बोळा होता, आणि विचारणारा माणूस शेजारी नव्हता.

निघताना मॅडमनी खुशीला तीनतीनदा बजावलं. उद्या दुपारपर्यंत चूळ भरायची नाही. थुंकायचं नाही. लाळ आली, तिच्यात थोडं रक्त आलं, तरी गिळायची. खड्ड्यात जी गाठ धरते तेच जखमेचं झाकण, ते निघालं तर पुन्हा वाहील. खुशी हो हो म्हणत होती. मीही ऐकत होते.

घरी आलो तर धुरपताबाई ओसरीवर पाय पसरून बसलेल्या. त्या आदेशच्या बाबांच्या मोठ्या बहीण. अल्लीपूरला असतात. दर एकादशीला आदल्या दिवशीच्या एसटीनं भावाकडे यायच्या, दोघं मिळून उपास करायचे. भाऊ गेल्यावरही त्यांनी येणं सोडलं नाही. मी काही म्हटलं नाही आणि त्यांनीही कारण दिलं नाही. माळकरी म्हणून त्या माझ्याहून कडक. लग्नाच्या पंगतीत बसायच्या आधी स्वयंपाकघरात डोकावून येणाऱ्या.

माझं सुजलेलं तोंड त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"तशीबी तू कुठं बोलत होती वं," त्या म्हणाल्या. "आता कारन भेटलं."

खुशी हसली. मला हसता आलं नसतं, ओठ जागेवर नव्हता.

दिवस मावळताना आदेश वावरातून आला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला पालक आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन वर्ध्याच्या बाजारात जायचं होतं, म्हणून जेवण लवकरच झालं. माझ्यासाठी थंड वरण-भात. जेवता जेवता आदेशनं विचारलं की रक्त थांबायला आत काय घातलं, नुसते टाकेच का. खुशी भाकर मोडत सहज बोलून गेली की स्पंज घातला, पाकिटावर जिलेटिन लिहिलेलं होतं, कॅपसुलीच्या कव्हरासारखं…

आणि थांबली. या घरात येऊन तिला दोन वर्षं झाली आहेत. सासरे खिडकीशी बसून कॅपसुली उघडताना तिनं पाहिलं आहे. तिचा चेहरा उतरला.

धुरपताबाईंचा घास हातात राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या गळ्याकडे पाहिलं, आणि घास परत ताटात ठेवून पाणी प्यायल्या. काहीतरी सांगायला तोंड उघडावं तसं त्यांनी केलं आणि मिटून घेतलं. त्या गप्प राहिल्या याचा अर्थ मी मला कळला तसा घेतला.

मी भात संपवला. मला धक्का बसला असं म्हणता येणार नाही. फक्त जीभ परत जागी येत होती आणि ती आपली सारखी त्या खड्ड्याकडे जात होती.

खोलीत जाऊन पडले. खोली शांत असली की माझी झडप ऐकू येते. धातूच्या झडपेचा आवाज असतो, बारीक, टिकटिक, उघडली की एक, मिटली की एक. आदेशचे बाबा म्हणायचे, घरात घड्याळ घ्यायचं काम नाही. पंधरा वर्षांपूर्वी नागपूरला ती बसवली. ऑपरेशनच्या आधी मोठ्या डॉक्टरांनी ह्यांना बोलावून दोन झडपा टेबलावर ठेवल्या होत्या. एक धातूची, एक डुकराच्या हृदयातली. दोन्ही चालतात, तुम्ही ठरवा, म्हणाले. मी वॉर्डात होते. हे परत आले, माझ्या उशाशी बसले आणि म्हणाले, "धातूची सांगतली. तुह्या माळेले धक्का नाई लागू देला."

धातूची म्हटल्यावर रोजची गोळी आली. गोळीबरोबर दर महिन्याला रक्त तपासणं आलं, कुठे लागलं खुपलं तर रक्त न थांबणं आलं, विळीवर बसायची भीती आली, हिरव्या पालेभाज्या बेतानंच खाणं आलं, आणि आमच्या वावरात तर पालकच. हे सगळं माझ्या माळेपायी आलं आणि त्याबद्दल त्यांनी कधी एक शब्द काढला नाही. दर महिन्याला मला मागे बसवून वर्ध्याला नेत राहिले. म्हणून ती माळ मला दुप्पट जपावीशी वाटायची. ती माझ्या एकटीची राहिली नव्हती.

आणि त्यांनी पंधरा वर्षं दाराबाहेर उभं केलेलं ते जनावर आज चिमट्यानं उचलून माझ्या जबड्यात ठेवलं गेलं, आणि मी कशाचं आहे एवढंही विचारलं नाही.

हा विचार मी केला. करताना छातीत काही झालं नाही. टिकटिक तशीच चालू होती.

पहाटे नेहमीच्या वेळेला उठले. एकादशी. बाहेर थंडी, तुळशीच्या ओट्यावर दव. आमच्याकडे चूळ भरल्याशिवाय तुळशीपुढे तोंड उघडत नाहीत. रात्रीच्या तोंडानं देवाचं नाव घ्यायचं नाही, हे अण्णाजींनी माळ घालतानाच सांगितलं होतं, आणि माझ्या हाताला ते माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. मी मोरीशी वाकले, तांब्या उचलला, चूळ भरली. गार पाणी खळाळून थुंकलं. पुन्हा भरली. तिसऱ्या चुळीला पाण्याबरोबर काहीतरी मऊ, बुळबुळीत जिभेवरून घसरून मोरीत पडलं, आणि मागोमाग तोंड कोमट झालं.

मॅडमचं सांगणं मला त्या वेळी आठवलं की आधीच आठवत होतं, हे मला ठरवता आलेलं नाही.

तोंड भरून यायला लागलं. गिळायचं, असं सांगितलेलं. पण एकादशी होती. उपासाच्या दिवशी रक्त गिळायचं कसं? मी थुंकत राहिले. थुंकलं की पुन्हा येत होतं. पदर धरला, तो भिजला. मोरीतलं पाणी लाल होऊन जाळीकडे जात होतं आणि मी ते पाहत होते, शेजारच्याच्या घरातलं पाहावं तसं.

चहा ठेवायला उठलेल्या खुशीनं पाहिलं. ती ओरडली नाही. तिनं स्वच्छ रुमालाची घडी करून माझ्या दाढेवर दाबली, माझा जबडा खालून हातानं मिटवला आणि तसंच धरून ठेवलं. मग तिनं हळूच विचारलं.

"आई, तुमी मुद्दाम काढलं काय ते?"

माझ्या तोंडात रुमाल होता. तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. आदेश बाजारात पोचला होता, त्याचा फोन घरीच राहिला होता. तिनं नयन मॅडमना फोन केला, त्या दवाखान्याच्या वरच राहतात, आणि चौकातला ऑटो बोलावला. धुरपताबाई अंघोळ अर्धी टाकून ओल्या केसांनी ऑटोत येऊन बसल्या. वाटेत कापसाच्या दोन गाड्या आडव्या आल्या, ऑटोवाला थांबला, गाड्या गेल्या, निघाला.

मॅडमनी तोंड धुऊन पाहिलं. टाका सैल झाला होता, खड्डा रिकामा होता. चूळ भरली ना, म्हणाल्या, पण रागावल्या नाहीत. औषधात भिजवलेला बोळा दाढेवर ठेवून घट्ट चावायला लावलं आणि बाहेरच्या बाकावर बसवलं. बऱ्याच वेळानं काढून पाहिला. वाहणं कमी झालं होतं, थांबलं नव्हतं. त्यांनी नवीन पाकीट घेतलं आणि म्हणाल्या, पुन्हा एक तुकडा बसवते, दोन टाके घालते.

मी हात वर केला. त्या थांबल्या. मी तोंडातलं रक्त बोळ्यात टिपून घेतलं आणि बोलले. शब्द जाड येत होते.

"हे कशाचं आहे, तेवढं सांगा."

"जिलेटिनचं."

"ते कशाचं?"

त्यांनी खुशीकडे पाहिलं, मग माझ्या माळेकडे त्यांचं लक्ष गेलं. कालही गेलं असेल, पण काल कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी पाकीट खाली ठेवलं.

"डुकराच्या कातडीपासून काढतात," त्या म्हणाल्या. "मी काल तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. माझ्या डोक्यातच आलं नाही."

मग त्यांनी सगळं नीट सांगितलं, खुर्ची जवळ ओढून, एखाद्या लहान मुलीला सांगावं तसं. झाडाच्या धाग्यापासून केलेलं एक जाळीसारखं औषध असतं, ते चालेल. पण त्यांच्याकडे ते नाही. वर्ध्याला मिळालं तर दुपार होईल, नाहीतर नागपूरहून, म्हणजे उद्या. तोवर बोळा दाबून बसायचं. थांबलं तर थांबलं. पण असंच झिरपत राहिलं तर रक्त पातळ करणारी गोळी थांबवायचा विचार करावा लागेल, आणि ती थांबवली तर झडपेवर रक्त गोठायची भीती. ते दाढेतलं रक्त नव्हे, ते जिवावरचं. ठरवायचं तुम्ही, त्या म्हणाल्या. मी आतच आहे.

मी बोळा चावून बाकावर येऊन बसले. थांबायचं ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे, दुसरं काही मनात आलं नाही. ह्यांनी पंधरा वर्षं जे बाहेर ठेवलं ते मी आता माझ्या तोंडानं हो म्हणून आत घ्यायचं, हे मला जमणारं नव्हतं. काल नकळत झालं. आज कळून होणार होतं. दुपार होऊ दे, उद्या होऊ दे. गोळी थांबली तर थांबू दे. झडप त्यांच्या मर्जीची आहे, माळही राहू दे. मला भीती वाटली नाही, यात मला मोठं काही वाटलं नाही.

खुशी दाराशी उभी राहून वर्ध्याच्या दुकानांना एकामागून एक फोन लावत होती. एक दुकान अजून उघडायचं होतं, एकाला नावच कळत नव्हतं, ती अक्षर अक्षर फोडून सांगत होती.

धुरपताबाई माझ्या शेजारी बसल्या. त्यांनी माझा हात हातात घेतला नाही, तशी त्यांची रीत नाही. समोरच्या भिंतीवर दातांचं चित्र होतं, त्याकडे पाहत बोलल्या.

"तुले काय सांगतलं होतं त्यानं? माळेसाठी धातूची घेतली म्हनून?"

मी मान हलवली.

"खोटं हाय थे."

खुशीचा फोन चालू होता.

"त्या दिवशी नागपुरातून त्यानं मले फोन केलता," त्या म्हणाल्या. "डाक्टर म्हने, जनावराची झडप दहा-बारा वरसं चालते, मंग खराब होते, मंग पुन्हा छाती चिरा लागते. धातूची जनमभर पुरते. तं चंद्रभान म्हने, बाई, तिले पुन्हा चिरू देनार नाई मी. एकदाच. मी म्हनलं, मंग सांग तिले तसं. म्हने, तिले त्या गोळीचं भेव हाय, थे धातूचीले नाई म्हनन. माळेचं नाव घेतलं का मुकाट्यानं हो म्हनन." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "माळेचा सवाल असता तं त्यानं मले विचारलं असतं का नाई? एवढी मोठी माळकरी बहीन बसेल होती घरी. त्यानं विचारलंच नाई. त्याले माळ नव्हती वाचवाची. त्याले तू पायजे होती."

बाहेर एसटी थांबली, उतारू उतरले, निघून गेली.

"काल जेवताना सांगनार होती," त्या म्हणाल्या. "पन त्यानं तोंड बांधलं होतं माहं. सांगू नको म्हने कधी. मेल्यावर शपथ सुटते का नाई, थे कोनाले विचारू मी?"

मला राग आला.

पोळ्यानंतर पहिल्यांदा काहीतरी आलं आणि तो राग होता. पंधरा वर्षं मी त्या झडपेला नमस्कार करत आले. रोज सकाळी जपाच्या आधी छातीवर हात ठेवायचे, यांनी माझ्यापायी एवढं केलं म्हणून. प्रत्येक दुकानाच्या पायरीवर उभं राहून जगाला खरं सांगायला लावणाऱ्या माणसानं मला एवढं मोठं खोटं सांगितलं आणि वरून दर महिन्याला गाडीवर मागे बसवून नेलं. मला त्यांच्यापुढे उभं राहायचं होतं. तुमचं हे कशाचं होतं, तेवढं सांगा, असं विचारायचं होतं, आणि उत्तर मिळेपर्यंत हलायचं नव्हतं.

आणि ते खाटेवर बसले, पाणी मागितलं, आणि थांबले नाहीत.

मी किती वेळ बसले माहीत नाही. तोंडातला बोळा पुन्हा भरला होता. खुशीनं फोन खाली घेतला आणि सांगितलं की एका दुकानात ते औषध आहे असं वाटतं, नक्की नाही, माणूस पाठवला तर दोनपर्यंत कळेल. ती माझ्याकडे पाहत होती. सकाळपासून तिनं तोंडात पाणीही घेतलेलं नव्हतं. उपास तिचा नव्हता.

मी धुरपताबाईंकडे वळले आणि गळ्याला बोट लावलं. त्यांना कळलं.

"माळ गळ्यात हाय तुह्या," त्या म्हणाल्या. "दाढेत नाई."

मी उठले. आत गेले, खुर्चीवर बसले, बोळा काढून ताटलीत ठेवला.

"भरा," म्हटलं.

मॅडमनी पुन्हा विचारलं, नक्की ना. मी तोंड उघडून ठेवलं. सुई लागली, ओठ गेला, जीभ गेली. तो पांढरा तुकडा या वेळी मी नीट पाहिला. चिमट्यात किती हलका होता. आत ठेवल्यावर त्यानं रक्त ओढून घेतलं आणि पांढरा राहिला नाही. त्यावर दोन टाके पडले. थोड्या वेळानं मॅडमनी बोट फिरवून पाहिलं आणि थांबलं म्हणाल्या. धुरपताबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं, पाठ वळवली आणि बाहेर जाऊन ऑटोवाल्याशी पैशावरून भांडायला लागल्या.

घरी आल्यावर तुळशीला पाणी त्यांनी घातलं. मला आता चूळ भरता येत नव्हती, म्हणून मी लांब उभी राहिले. जप मनातल्या मनात केला. मणी सरकत होते. एकदोनदा मध्येच राग आला आणि मणी चुकला, पुन्हा मागे जाऊन धरला. यापूर्वी महिनोनमहिने एकही चुकला नव्हता.

दुपारी खुशीनं मॅडमनी लिहून दिलेलं औषध आणलं. कॅपसूल. तिनं पाण्याचा पेला आणि कॅपसूल माझ्यापुढे ठेवली, मग मधाची बाटली हातात घेऊन उभी राहिली, ठेवायची की परत न्यायची ते न कळून.

"आई, आता उघडाची काय?" तिनं विचारलं. "आता तं…"

तिचं बरोबर होतं. जबड्यात ते होतंच, महिनाभर राहणार होतं, विरघळून माझंच होणार होतं. मग या एवढ्याशा कव्हराचं काय?

धुरपताबाई रताळी सोलत होत्या.

मी हात पुढे केला. कॅपसूल घेतली, दोन बोटांत धरून पिरगाळली. लाल भाग एका हातात आला, पिवळा दुसऱ्या. ते करायचे तसंच, टिचकी मारून, भुकटी वाटीत पाडली. खुशीनं वरून मध सोडला. कव्हरं मी खिडकीत ठेवली, जिथे ते ठेवायचे.

"जिथं टळते तिथं टाळू," मी म्हटलं. ऐकू गेलं की नाही माहीत नाही, ओठ अजून जड होता.

चमचा जिभेवर ठेवला. अर्ध्या जिभेला काहीच कळलं नाही. उरलेल्या अर्ध्या जिभेला गोड लागलं, आणि त्याच्या मागून, सावकाश, कडू.